हरकतीच्या आधीची पायरी: मनपाच्या पर्यावरण प्रस्तावात रहिवाशांचं म्हणणं कसं उतरवायचं

नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनात साधुग्रामसाठी (कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाची जागा) सतराशेहून अधिक झाडं काढण्याची नोटीस लागली आणि नाशिककर एकवटले. शेकडो हरकती दाखल झाल्या, सुनावणी गाजली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. लोक झाडांसाठी असे उभे राहिले याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नोटीस लागली त्या दिवशी नागरिकांच्या हातात ‘होऊ द्या’ किंवा ‘होऊ देणार नाही’ एवढंच उरलं होतं. झाडं जागेवर ठेवून साधुग्रामची आखणी कशी होईल, कुठला रस्ता दहा फूट सरकवला तर किती झाडं वाचतील, हे बोलणं नकाशा कागदावर उतरत असतानाच व्हायला हवं होतं.

हा लेख त्या आधीच्या वेळेबद्दल आहे. तुम्ही सोसायटीचे चेअरमन असाल, ज्येष्ठ नागरिक संघात असाल, एखाद्या बचतगटाच्या अध्यक्ष असाल किंवा पहिल्यांदाच निवडून आलेले नगरसेवक असाल, तर आपल्या भागातल्या लोकांना सोबत घेऊन पाणी, कचरा, झाडं, नाले यांबद्दलचा प्रस्ताव कसा घडवायचा आणि तो मनपाच्या कामकाजात कसा आणायचा, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिली पायरी: विषय एवढा छोटा करा की त्याचं प्राकलन (कामाच्या खर्चाचा अंदाज) निघेल

‘गोदामाई स्वच्छ करा’ ही मागणी योग्यच आहे, पण तिच्यावर कुठलाच शाखा अभियंता काम सुरू करू शकत नाही. ‘अमुक चौक ते तमुक पूल या पट्ट्यात नाल्याला मिळणारी सांडपाण्याची तीन तोंडं भुयारी गटाराला जोडा’ या मागणीवर करू शकतो. विषयाला जागा हवी, लांबी-रुंदी हवी आणि तो कोणत्या खात्याचा आहे हे सांगता यायला हवं.

खातं ओळखण्यात गल्लत झाली तर वर्ष वाया जातं. मनपात झाडं आणि बागा उद्यान विभागाकडे, कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे, रस्ते आणि पावसाळी गटारं बांधकामाकडे, सांडपाणी मलनिस्सारणाकडे. गोदावरीसाठी वेगळा गोदावरी संवर्धन कक्ष आहे. शिवाय शहरातलं सगळंच काही मनपाचं नाही. गंगापूर धरणातून सुटणारं पाणी जलसंपदा विभागाचं, कारखान्यांच्या प्रदूषणावर कारवाई प्रदूषण नियंत्रण मंडळाची, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या अनेक गोष्टी एमआयडीसीच्या. नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, सातपूरकडून सिडको, मुंबई नाका करत आगर टाकळीजवळ गोदावरीला मिळते. तिच्याबद्दल लिहायचं तर आपला पट्टा कोणाच्या अखत्यारीत येतो हे आधी विचारून घ्या. सहाही विभागीय कार्यालयांत (नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड) हे सांगणारं कोणीतरी असतं. फक्त प्रत्यक्ष जावं लागतं.

दुसरी पायरी: चालत पाहणी करा, आणि माहीतगारांना घेऊन करा

नाशिकमध्ये पूर मोजायला कोणी मीटर विचारत नाही. गोदाकाठच्या ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’ म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतो. हे ज्ञान पिढ्यांचं आहे आणि ते फारसं कुठल्या फायलीत नाही. सरस्वती नाला आज वस्तीखाली झाकला गेलाय, पण जोराचा पाऊस आला की तो कुठून डोकं वर काढतो हे त्या आळीतल्या आजींना विचारा. २००८ च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं याच्या खुणा अनेक घरांच्या भिंतींवर आहेत. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर त्यानंतर आखल्या गेल्या.

म्हणून पहिलं काम सभा घेण्याचं नाही, फेरी काढण्याचं. दहा-बारा माणसं पुरेत. एक फेरी कोरड्या दिवसांत सकाळी, दुसरी पाऊस पडून गेल्यावर तासाभरात. दुसरी फेरी अवघड जाते, पण तीच खरी. पाणी कुठे तुंबतं, चेंबरचं झाकण कुठे उचललं जातं, नाल्यात राडारोडा कुठे टाकलाय, रात्री कचरा कुठल्या कोपऱ्यावर पडतो, हे तेव्हाच दिसतं. प्रत्येक जागेचा फोटो काढताना चौकटीत काहीतरी कायमची खूण येऊ द्या: विजेचा खांब, मंदिराचा कळस, दुकानाची पाटी. सहा महिन्यांनी तोच फोटो त्याच जागेवरून काढता आला पाहिजे.

फेरीत घंटागाडीवरचा कर्मचारी आणि त्या बीटचा सफाई कामगार यांना आवर्जून बोलवा. सुका कचरा कुठल्या इमारतीतून मिसळून येतो हे त्यांना तोंडपाठ असतं. मात्र त्यांचं नाव कागदावर लिहू नका. वरिष्ठांकडून त्यांना त्रास होईल असं काही आपल्या हातून होता कामा नये.

थोडं मोजून घ्या. मोजणं म्हणजे फार मोठं शास्त्र नव्हे. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण १००० लिटर पाणी होतं. कॉलनीतल्या गच्च्यांचं क्षेत्रफळ मांडलं की एका सरीत नाल्याकडे किती पाणी धावतं आणि शोषखड्डे केले तर किती जिरवता येईल याचा अंदाज कोणालाही काढता येतो. कचऱ्याचंही तसंच: वीस घरांनी आठवडाभर ओला आणि सुका कचरा घरच्या वजनकाट्यावर तोलला तरी बोलायला आकडा मिळतो. आकडा हातात असला की अभियंता तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

तिसरी पायरी: नेहमी न येणाऱ्यांना आणा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सगळा डोलारा यावर उभा राहतो.

कुठल्याही कॉलनीत सभा लावली की येतात कोण? निवृत्त मंडळी, दोन-तीन उत्साही तरुण आणि निवडणूक लढवायची इच्छा असलेले. त्यांचं येणं चांगलंच आहे. पण नाल्याकाठी पत्र्याच्या घरात राहणारी बाई येत नाही, भाडेकरू येत नाहीत, कोपऱ्यावरची भाजीवाली येत नाही, अंबडला दुसऱ्या पाळीत काम करणारा येऊ शकत नाही. काम झाल्यावर परिणाम सर्वांत आधी यांच्यावरच होतो. नाल्याचं सुशोभीकरण म्हणजे बऱ्याचदा कोणाचं तरी घर किंवा हातगाडी हलणं असतं.

त्यामुळे वेळ ठरवताना पाळ्या बघा. कामगार वस्तीत रविवारी सकाळी अकराची वेळ चालते, आठवड्यातली संध्याकाळ चालत नाही. पाणी येण्याच्या वेळेला बायकांची बैठक ठेवू नका. जागा अशी निवडा जिथे कोणालाही पाऊल टाकायला संकोच वाटणार नाही. मंदिराचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण जुन्या नाशकात किंवा वडाळ्यात सगळे तिथे येतीलच असं नाही. मनपाची शाळा हा सगळ्यात निर्मळ पर्याय. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन सुट्टीच्या दिवशी वर्ग मागा. कार्यक्रम पत्रिकेवर कुठल्या पक्षाचं चिन्ह नको आणि बॅनरवर कोणाचा चेहरा नको.

व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला म्हणजे निरोप पोचला असं धरू नका. बचतगटाची बैठक, भिशी, हास्यक्लब, गणेश मंडळाचा मंडप, उरुसाची कमिटी, जिथे लोक आधीच जमतात तिथे आपण जायचं. तिथे पंधरा मिनिटं मागायची आणि तीनच प्रश्न विचारायचे: आपल्या भागात सगळ्यात जास्त त्रास कशाचा? तो त्रास कधी होतो? कोणी काही करून पाहिलंय का? उत्तरं बोलणाऱ्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. ‘पाऊस आला की पोरांना शेजारी झोपायला पाठवते’ हे वाक्य पुढे प्रस्तावात जसंच्या तसं गेलं, तर कुठल्याही तांत्रिक परिच्छेदापेक्षा जास्त काम करतं.

शाळकरी मुलांना झाडं मोजायला द्या. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. आपल्या भागात अशी झाडं कोणती, याची यादी आपल्याकडे आधीच तयार असली तर पुढे रस्ता रुंदीकरणाचा विषय निघाल्यावर धावाधाव होत नाही.

चौथी पायरी: बैठक आणि मतभेद

व्यासपीठ नको, हार-तुरे नकोत, प्रमुख पाहुणे नकोत. प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत अर्धी बैठक उठून जाते. वर्गाच्या मधोमध चार बाकं जोडा आणि त्यावर कॉलनीचा मोठा, हाताने काढलेला नकाशा पसरा. लोकांना रंगीत खडू द्या. पाणी तुंबतं तिथे निळं, कचरा साचतो तिथे लाल, सावली आहे तिथे हिरवं. बोलायला लाजणारी माणसंही खडू उचलतात. अर्ध्या तासात असा नकाशा तयार होतो जो कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

मग मतभेद सुरू होतील. होऊ द्या. कोणाला झाड हवं असतं, कोणाला त्याच जागी गाडी लावायची असते. कोणी म्हणतं नाला झाकून टाका, डास जातील. कोणी म्हणतं झाकला की सरस्वतीसारखा पुन्हा दिसायचा नाही. माझं स्वतःचं मत नाला उघडा ठेवण्याच्या बाजूचं आहे. झाकलेल्या नाल्यातला गाळ कोणी काढत नाही आणि पुराचं पाणी मग घरात शिरून वाट काढतं. गोदापात्रातलं काँक्रीट फोडून जुनी कुंडं मोकळी करा ही मागणी नाशिककरांना वर्षानुवर्षं लढवावी लागली. एकदा ओतलेलं काँक्रीट काढणं ते ओतण्यापेक्षा किती अवघड असतं, ते या शहराने पाहिलंय. पण बैठक चालवणाऱ्याने आपलं मत शेवटी सांगावं, आधी नाही.

एकमत झालं नाही तर तसंच लिहा. ‘३८ जणांनी नाला उघडा ठेवावा असं म्हटलं, ११ जणांचा आग्रह झाकण्याचा होता, त्यांचं कारण डास आणि दुर्गंधी’ असं स्पष्ट नोंदवलेलं इतिवृत्त खोट्या एकमतापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतं. शिवाय त्या अकरा जणांचा प्रश्न खरा आहे. प्रस्तावात डासांचं उत्तर दिलं नाही तर काम सुरू झाल्यावर तेच लोक ते थांबवतील. विरोधकाची अडचण प्रस्तावाच्या आत घेणं हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

मखमलाबाद-हनुमानवाडीच्या हरित क्षेत्र योजनेला (शेतजमिनीवर नवं नगर वसवण्याची स्मार्ट सिटीची योजना) शेतकऱ्यांनी केलेला विरोध आठवा. ज्यांच्या बांधावरून योजना जाणार होती, त्यांना ती आपली वाटली नाही.

पाचवी पायरी: कागद वाचा

महापालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागच्या वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, हरित क्षेत्र यांची मनपाची स्वतःची आकडेवारी त्यात असते. हा अहवाल मिळवा आणि आपल्या विषयाचं प्रकरण वाचा. तुमची मागणी मनपाच्याच अहवालातल्या वाक्याला जोडली की ‘आमच्याकडे असा प्रश्न नाही’ हे उत्तर देता येत नाही. त्याचप्रमाणे नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे, आणि राज्याचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर शहरांना गुण देतं. तुमचं काम यातल्या कशात बसतं ते एका ओळीत लिहिलं तर अधिकाऱ्यालाही ते पुढे रेटायला कारण मिळतं.

अंदाजपत्रकाचं पुस्तक जाडजूड असतं. सगळं वाचू नका. आपल्या खात्याचं लेखाशीर्ष (त्या खर्चाचं सदर) शोधा, गेल्या वर्षी किती तरतूद होती आणि किती खर्च झाली ते बघा. पैसे पडून राहिले असतील तर ते लगेच नमूद करा.

जुन्या कामाची फाईल बघायची असेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय मागा. राज्य शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ती ठरवून दिलेली आहे. नाही जमलं तर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपयांचं शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि उत्तर ३० दिवसांत. ‘का केलं नाही’ असं विचारू नका. कारणं विचारणारा अर्ज टाळणं सोपं असतं. ‘अमुक कामाच्या प्राकलनाची, मोजमाप पुस्तिकेची आणि कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) प्रत द्यावी’ असं कागदाचं नाव घेऊन मागा.

सहावी पायरी: प्रस्ताव दोन पानांत

नमुना असा ठेवता येईल:

प्रति, मा. विभागीय अधिकारी, ……… विभागीय कार्यालय, नाशिक महानगरपालिका.

विषय: ……… चौक ते ……… पूल या सुमारे …… मीटर लांबीच्या नाल्यालगत पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था व देशी झाडांची लागवड करण्याबाबत.

महोदय, वरील पट्ट्यात पावसाळ्यात …… ठिकाणी पाणी तुंबते (छायाचित्रे १ ते ६ सोबत). दि. …… व दि. …… रोजी झालेल्या बैठकांत …… रहिवासी सहभागी झाले; त्यात …… महिला, …… भाडेकरू व …… व्यावसायिक होते. रहिवाशांची मागणी अशी: (अ) …… जागी शोषखड्डे, (ब) काठावर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशा झाडांची लागवड, (क) सांडपाण्याची …… तोंडे भुयारी गटारास जोडणे. काही रहिवाशांनी डासांबाबत चिंता व्यक्त केली असून त्यासाठी …… असा उपाय सुचवला आहे. लावलेल्या झाडांना तीन वर्षे पाणी देण्याची जबाबदारी …… सोसायट्यांनी स्वीकारली आहे (संमतिपत्रे सोबत). प्राकलन तयार करण्यापूर्वी रहिवाशांच्या प्रतिनिधींसह संयुक्त स्थळपाहणी व्हावी, ही विनंती.

या शेवटच्या वाक्यावर ठाम राहा. संयुक्त पाहणी प्राकलनाच्या आधी झाली, तर पाइपचा व्यास, झाडांमधलं अंतर, खड्ड्यांच्या जागा यांवर तुमचं म्हणणं ऐकलं जातं. प्राकलन तयार होऊन तांत्रिक मान्यता मिळाली की प्रत्येक बदलासाठी फाईल मागे फिरवावी लागते, आणि ते कोणालाच नको असतं.

सातवी पायरी: कोणाकडे आणि केव्हा

मूळ प्रत विभागीय कार्यालयाच्या आवक-जावक कक्षात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा.

आपल्या प्रभागांत बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक असतात. चौघांनाही प्रत द्या, पक्ष न बघता, आणि शक्यतो एकाच दिवशी. एकालाच दिली की काम त्याचं होतं आणि उरलेल्या तिघांना त्यात रस राहत नाही. चौघांची शिफारस एकाच कागदावर मिळाली तर फारच उत्तम. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात नागरिकांना आपलं म्हणणं सभागृहात मांडायला माणूसच नव्हता. आता आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या.

प्रभाग समितीच्या बैठकीत विषय यावा असा आग्रह धरा. कायद्यात या समितीवर सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेण्याची तरतूद आहे. या जागा भरल्या आहेत का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. क्षेत्रसभेची तरतूदही २००९ पासून कायद्यात आहे. गावात ग्रामसभा असते तशी मतदारांची सभा शहरातही भरावी, हा तिचा हेतू. ती भरवा अशी लेखी मागणी नगरसेवकांकडे करा, एकट्याने नव्हे तर पाच-सहा कॉलन्यांनी मिळून.

वेळेचं गणित सोपं आहे. आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीच्या सुमारास सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे येतं. विभागांकडून कामांच्या याद्या त्याआधी काही महिने जमायला लागतात. म्हणजे फेऱ्या पावसाळ्यात, बैठका गणपती ते दिवाळी या काळात, आणि प्रस्ताव दिवाळीनंतर लगेच दाखल. फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्याला पुढच्या वर्षाचं आश्वासन मिळतं.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून थेट कामं मागवून त्यांचा अंदाजपत्रकात समावेश करण्याची पद्धत आहे. पाच लाखांपर्यंतची कामं सुचवायला छापील अर्ज मिळतो. अशी पद्धत नाशकात सुरू करा, ही मागणी प्रत्येक प्रभागातून एकाच वर्षी गेली तर ती मान्य होण्यासारखी आहे.

उशीर झालाच असेल तर

नोटीस लागली असली तरी हातपाय गाळू नका. विकास आराखड्यात फेरबदलाची सूचना निघाली तर हरकतीला महिना मिळतो. झाडांच्या बाबतीत मोजकेच दिवस मिळतात, म्हणून झाडावर चिकटवलेला कागद दिसताच फोटो काढा. एकाच मजकुराच्या पाचशे प्रतींवर सह्या घेण्यापेक्षा वेगवेगळ्या कारणांच्या वीस हरकती जास्त वजनदार ठरतात, कारण सुनावणीत प्रत्येक वेगळ्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. आणि हरकतीत पर्याय द्याच. ‘झाड तोडू नका’ याच्या खाली ‘गटाराची रेषा अमुक बाजूने दोन मीटर घ्यावी, रेखाटन सोबत’ असं आलं की अधिकाऱ्याला त्यावर लिहावंच लागतं.

सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत. २०२७ च्या पर्वणीपर्यंत अशा सूचना वरचेवर निघतील. प्रत्येक कॉलनीत एकाने दोन वर्तमानपत्रांतल्या मनपाच्या जाहीर सूचना रोज वाचायच्या, एवढी वाटणी आजच करून टाका.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेश निघाला की प्राकलनाची प्रत मागून घ्या आणि फेरीत आलेल्या दहा-बारा जणांना ती समजावून सांगा. जागेवर कामाचा माहितीफलक लागला का ते बघा: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. शोषखड्डा कागदावर तीन मीटर खोल असेल तर भरण्याआधी टेप लावून फोटो काढा, कारण वाळू-खडी पडल्यावर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. चूक दिसली तर ठेकेदाराशी भांडू नका. शाखा अभियंत्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

निविदेत दोषदायित्वाचा कालावधी किती आहे हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. त्या काळात बिघडलेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. बहुतेक वस्त्यांना ही मुदत संपल्यावर आठवण येते. पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा तीच फेरी काढा, त्याच खांबापाशी, त्याच कळसापाशी उभं राहून फोटो घ्या, आणि जुने-नवे फोटो शेजारी-शेजारी लावून पंधरा दिवसांच्या आत विभागीय कार्यालयात द्या. दुरुस्तीची मागणी त्याच पत्रात करा.